कॉलेजातील सेवा आणि पुढारीपण

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. दोहोंची ठेवण बहुतांशी सारखीच आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याजवळ मुसळधार पाऊस, उतरणीवर भाताची खाचरे, रानात हिरड्याची झाडे आणि डोंगराच्या कुशीत महादेव कोळी समाजाच्या वाड्या. पूर्वेस कुकडी आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला ऊस, कांदा, टोमॅटो आणि मंचर-नारायणगावसारख्या गजबजलेल्या बाजारपेठा. एकाच तालुक्यात ही दोन जगे शेजारी शेजारी नांदतात. परंतु त्यांची गाठ पडते ती बहुधा मालक आणि मजूर, किंवा विकणारा आणि घेणारा अशा नात्याने. बरोबरीच्या नात्याने ती एकमेकांस कोठे भेटत असतील तर ती कॉलेजच्या बाकावर. जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय यांसारख्या संस्था तालुक्यातच उभ्या राहिल्या, आणि पुण्यास खोली करून राहण्याची ज्यांची ऐपत नव्हती अशा घरांतील मुलामुलींनाही पदवीची वाट मोकळी झाली. डोंगरावरच्या वाडीतील मुलगी आणि बागायतदाराचा मुलगा एकाच वर्गात बसू लागले, ही ह्या परिसराच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

तथापि एका बाकावर बसल्याने माणसे एक होतातच असे नाही. बागायतदाराचा मुलगा चारचौघांत धिटाईने बोलतो. डोंगरावरून आलेला विद्यार्थी तीन वर्षे मागच्या बाकावर बसून, कोणाशी न बोलता, पदवी घेऊन निघून जातो. दोघेही उत्तीर्ण होतात. पण कॉलेजने त्यांस जे द्यावयाचे ते पुरतेपणी दिले काय, असा प्रश्न उरतोच. ह्या प्रश्नाचे एक उत्तर सेवाकार्यात आहे आणि त्या सेवाकार्यातून उपजणाऱ्या पुढारीपणात आहे.

पुढारी हा शब्द आपल्या भाषेत फार झिजला आहे. व्यासपीठावर बसणारा, गळ्यात हार घालून घेणारा, फलकावर ज्याचे छायाचित्र सर्वांत मोठे तो पुढारी, अशी लोकांची समजूत झाली आहे, आणि कॉलेजातील मुलेही तीच समजूत उचलतात. वस्तुतः जो आपल्याबरोबर दुसऱ्याचेही पाऊल पुढे पडेल असे पाहतो तोच पुढारी. अमका किती पुढे गेला, ह्याचा हिशेब सोपा आहे. अमक्यामुळे कोण कोण पुढे आले, हा हिशेब अवघड. परंतु विद्यार्थ्यांच्या पुढारीपणाची कसोटी लावावयाची ती ह्याच हिशेबाने.

विद्यार्थ्यांनी देशसेवेसाठी काही काळ द्यावा हा विचार स्वातंत्र्यानंतर लवकरच पुढे आला. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. विद्यापीठात पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष इतकी सेवा सक्तीने करावी, असा त्या समितीचा कौल पडला. खर्चाच्या आणि व्यवस्थेच्या अडचणींमुळे तो अमलात आला नाही. पुढे ख्वाजा गुलाम सय्यदैन यांनी परदेशांतील अशा योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक असावी असे मत दिले. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे शिक्षणमंत्री असताना, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. आरंभी तिच्यात सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला, त्यानंतर १९७३ साली ह्या योजनेच्या शिबिरांचा विषय ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ असा ठेवण्यात आला होता. सक्तीची सेवा बाजूस राहिली आणि स्वखुशीची सेवा टिकली, ह्यात एक मर्म आहे. सक्तीने हात राबविता येतात. मन राबविता येत नाही. आणि ज्याचे मन कामात नाही त्याच्या हातून दुसऱ्याची वाढ होत नाही.

ह्या योजनेची रचना साधी आहे. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षास १२० तास काम करावयाचे आणि एखाद्या गावी सात दिवसांचे निवासी शिबिर करावयाचे. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान अथवा चर्चा, रात्री गावकऱ्यांसमोर मनोरंजनाचा कार्यक्रम, असा शिबिराचा दिनक्रम बहुतेक ठिकाणी असतो. योजनेचे ब्रीद ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ ह्या अर्थाचे आहे, आणि तिच्या चिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथाचे चाक आहे. चाक फिरते तेव्हा वरची आरी खाली येते आणि खालची वर जाते. पुढारीपणाचेही तसेच असावे.

ज्या गावी हे काम चालते त्याला दत्तक गाव म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द वापरताना थोडा विचार केलेला बरा. दत्तक घेणारा वडील असतो आणि दत्तक जाणारा लहान असतो. येथे तर गाव शेकडो वर्षांचे, आणि त्याला दत्तक घेणारे विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचे! आपण गावाला शहाणे करावयास आलो आहोत ह्या भावनेने जी तुकडी गावात शिरते, ती सात दिवसांत एक बंधारा घालते, शंभर रोपे लावते, भिंतीवर सुविचार रंगविते आणि निरोप घेते. पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्यात गाळ भरतो, उन्हाळ्यात रोपे जळून जातात, आणि भिंतीवरची अक्षरे तेवढी शिल्लक राहतात. विद्यार्थ्यांचे श्रम खोटे नव्हते. पण त्या कामात गावाचा हात नव्हता, म्हणून गावाची मायाही त्यावर बसली नाही. बंधारा कोठे हवा, हे जर गावातील बाईला विचारले असते, जी रोज त्या ओढ्यावरून पाणी आणते, तर दगड योग्य जागी पडले असते आणि पुढे गाळ काढावयास चार माणसे आपण होऊन आली असती. विचारणे हे सेवेचे पहिले अंग आहे आणि ते बंधारा बांधण्याहून कठीण आहे.

सहकार्याने काम कसे करावे, हे तर पश्चिमेकडच्या गावांनीच कॉलेजला शिकवावे. डोंगराच्या उतारावर दगडांची ताल घालून भातखाचरे तयार करण्याची महादेव कोळी शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. तिला पडकई म्हणतात. हे काम एकट्या घराच्या आवाक्यातले नसते. म्हणून काही घरे एकत्र येतात. आज एकाच्या शेतावर सर्व राबतात, उद्या दुसऱ्याच्या. आज ज्याच्या बांधावर सर्वांचे हात लागले तो उद्या दुसऱ्याच्या बांधावर दगड वाहतो. तेथे मालक व मजूर हा भेद उरत नाही. आंबेगाव तालुक्यात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेने लोकांच्या ह्या रीतीस बळ दिले, आणि २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने त्या संस्थेला इक्वेटर पुरस्कार देऊन गौरविले. देशावर ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतात त्याच कुळातील ही चाल. विद्यार्थ्यांच्या गटाचा प्रमुख जर पडकईच्या एखाद्या दिवशी मुकाट्याने दगड वाहील, तर नेतृत्वावरील दहा व्याख्यानांतून जे कळणार नाही ते त्याला तेथे कळेल. कारण तेथे सावलीत उभा राहून हुकूम सोडणारा कोणीच नसतो.

मग शिकलेल्या मुलांनी गावाला काही द्यावयाचेच नाही काय? द्यावयाचे तर आहेच; पण ते असे द्यावयाचे की ते गावाचे स्वतःचे होऊन राहावे. ह्या दृष्टीने माळीणची आठवण आंबेगाव तालुक्यास विसरता येणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीने डोंगराचा कडा खचला आणि माळीण गाव चिखलादगडांखाली गडप झाले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा त्या दुर्घटनेची वार्ता बाहेर पडली. दीडशेच्या वर माणसे प्राणास मुकली. मदतीसाठी सरकारी यंत्रणा धावली, ठिकठिकाणचे स्वयंसेवक धावले. पुढे आमडे येथे नवे माळीण वसविण्यात आले आणि २०१७ साली लोक तेथे राहावयास गेले. संकटानंतर धावून जाणे हे माणुसकीचे कर्तव्यच होय. परंतु ह्या प्रसंगाने सेवेचे आणखी एक क्षेत्र उघडे केले, आणि ते म्हणजे संकटाच्या आधीची सेवा.

डोंगर खचण्यापूर्वी पुष्कळदा काही खुणा दाखवितो. उतारावर नव्या भेगा पडतात. झाडे वा विजेचे खांब कलतात. झऱ्याचे निर्मळ पाणी एकाएकी गढूळ होते, किंवा जेथे कधी पाणी नव्हते तेथे पाझर फुटतो. घराच्या भिंतीस तडे जातात आणि दारे चौकटीत अडकू लागतात. भूगोलाच्या वा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ह्या गोष्टी पुस्तकात वाचावयास मिळतात. त्यांनी त्या वाडीवस्तीवर जाऊन, लोकांच्या बोलीत सांगाव्यात. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस टिपून ठेवण्याची सवय गावातील शाळकरी मुलांना लावावी. पाऊस थांबेना तर कोणी कोणास कळवावयाचे आणि रात्री कोठे जमावयाचे, हे गावकऱ्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावे. हे काम छायाचित्रात उठून दिसणारे नव्हे. पण पर्जन्यमापकाचा आकडा टिपणारी सातवीतील मुलगी ज्या गावात तयार झाली, त्या गावात विद्यार्थ्यांची तुकडी परत गेल्यावरही सेवा चालूच राहिली असे म्हणता येईल.

पूर्वेकडच्या गावांचा प्रश्न निराळा आहे, पण उत्तर त्याच जातीचे आहे. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ह्या पाच धरणांच्या पाण्याने ऊस वाढला, आणि उसाच्या दाट आडोशात बिबट्याने बिऱ्हाड केले. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्रच उभारावे लागले आहे. वस्तीत बिबट्या दिसला की शेकडो माणसे गोळा होतात, आणि बुजलेले जनावर जास्तच घातक ठरते. अंधारात लहान मुलांस एकटे सोडू नये; गुरे-शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवाव्यात; शेतात वाकून काम करताना सोबत असावी आणि बोलणे-गाणे चालू ठेवावे; जनावर दिसल्यास घोळका न करता वनखात्यास कळवावे, ह्या गोष्टी वरवर लहान दिसतात, पण त्यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. बाहेरच्या अधिकाऱ्याने एकदा सांगितलेले लोक विसरतात. त्याच वस्तीवरची, कॉलेजात जाणारी मुलगी जेव्हा आपल्या आजीला आणि शेजारणीला ते पुनःपुन्हा सांगते, तेव्हा ते अंगवळणी पडते. येथे कॉलेजातील चांगला गटप्रमुख काय करील? तो स्वतः गावोगाव भाषणे देत फिरणार नाही. प्रत्येक वस्तीवरचा एक विद्यार्थी हुडकून काढून तो त्याला बोलते करील.

आता तुकडीच्या आतील सेवेकडे वळू. गावाची सेवा करावयास निघालेल्या मुलांनी आपल्याच सोबत्याकडे पाठ फिरविली तर त्या सेवेला अर्थ नाही. शिबिरात बहुधा असे होते की, जो बोलका तो सूत्रसंचालन करतो, जो दांडगा तो कुदळ मारतो, स्वयंपाकाचे काम आपोआप मुलींच्या अंगावर पडते, आणि लाजाळू मुलगा सातरंज्या घालावयास व उचलावयास उरतो. ज्याला जे येते तेच त्याने करावे, ह्याने काम झटपट उरकते हे खरे. परंतु शिबिर हे काम उरकण्यासाठी भरलेले नसते, माणसे घडविण्यासाठी भरलेले असते. म्हणून भाकरी थापण्याची पाळी मुलांवरही यावी आणि ग्रामसभेत बोलण्याची पाळी मुलींवरही. खर्चाची वही ज्याला गणिताची भीती वाटते त्याच्या हाती द्यावी आणि त्याच्याजवळ बसून ती पुरी करवून घ्यावी. रात्रीच्या कार्यक्रमात आभार मानण्याचे चार शब्द त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने बोलावेत. तो अडखळेल, एखादे नाव विसरेल; अशा वेळी हसू दाबून टाळी देणारा जो पहिला, तो त्या तुकडीचा खरा पुढारी समजावा. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेणे आणि आपले श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकणे, ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती शिबिरातच शिकावी लागते.

कॉलेजात प्रतिनिधी निवडण्याच्या रीती वेळोवेळी बदलत आल्या आहेत. एके काळी निवडणुका होत. महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने ती रीत बदलली. मागील परीक्षेतील गुण पाहून प्रत्येक वर्गाचा एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमावा, आणि खेळ, सांस्कृतिक कार्य, छात्रसेना व सेवा योजना यांत चमकलेल्या विद्यार्थ्यांनाही विद्यार्थी परिषदेत जागा द्यावी, असे ठरले. पुढे २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. गुणांनी निवडलेला हुशार असेल, मतांनी निवडलेला लोकप्रिय असेल. परंतु हुशारी आणि लोकप्रियता ह्या दोन्ही गोष्टी स्वतःपुरत्या राहू शकतात. सेवेच्या दाराने जो येतो त्याला मात्र दुसऱ्याचा विचार केल्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही. शिवाय ह्या दारावर गुणपत्रिका दाखवावी लागत नाही आणि खिसाही दाखवावा लागत नाही. डोंगरावरच्या मुलासाठी तर ते दार विशेषच उघडे आहे.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पुष्कळ मुले सेवा योजनेत येतात ती प्रमाणपत्रासाठी, गुणांच्या सवलतीसाठी. तासांची नोंद वहीत होते, अंगी काही लागत नाही. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण मनुष्य कोणत्या हेतूने आला यापेक्षा कोणत्या मनाने परत गेला, हे पाहणे अधिक न्यायाचे होय. शाळेत पहिल्या दिवशी विद्येच्या ओढीने जाणारे मूल विरळा. खाऊच्या आशेने गेलेलीही पुढे विद्वान होतात. प्रमाणपत्राच्या लोभाने आलेल्या मुलाला जर गटप्रमुखाने खरे काम दिले, ज्याच्यावाचून इतरांचे अडेल असे काम दिले, तर लोभ मागे पडून जबाबदारी पुढे येते. नोंदवही भरून घेणारा गटप्रमुख असेल तर मात्र नोंदवहीच भरते.

कॉलेजातील पुढारीपणाला आणखी एक मर्यादा आहे, आणि तीच त्याचे भाग्य आहे. ते तीन-चार वर्षांपुरते असते. राजकारणातील माणूस खुर्ची सोडावयास तयार नसतो. विद्यार्थ्याला ती सोडावीच लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याने आपल्या जागी येणाऱ्याची तयारी केली पाहिजे. कोणत्या वाडीवर कोणाशी बोलावे, कोणत्या महिन्यात लोक शेतात गुंतलेले असतात, मागील वर्षीचे कोणते काम फसले आणि का फसले, हे सर्व त्याने लिहून ठेवावे आणि धाकट्यांना बरोबर नेऊन दाखवावे. मंचरचे महाविद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचे आहे, ती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापिली आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह झाले. वडाच्या फांदीला पारंब्या फुटतात, त्या जमिनीपर्यंत पोहोचतात, आणि कालांतराने त्यांचेच खोड होते. मग मूळ खोड कोणते हे ओळखूही येत नाही. ‘कमवा आणि शिका’ ह्या मार्गाने गरीब मुलांस स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या कर्मवीरांनी दुसऱ्यांना वाढविण्याचा हाच पाठ आपल्या हयातीत घालून दिला.

त्याच मंचरच्या महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेस हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेला हा गरिबाचा मुलगा मुंबईस गिरणीत राबत होता; कॉलेजचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाने भरलेली मोटार अडविताना, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने प्राण दिले. ज्याला कॉलेज मिळाले नाही त्याचे नाव कॉलेजवर असावे, ह्यात तेथील प्रत्येक विद्यार्थ्याने घेण्याजोगा बोध आहे. आजच्या विद्यार्थ्याकडून कोणी प्राण मागत नाही. वर्षाचे १२० तास तेवढे मागितले जातात.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्यांतील एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान केल्याची नोंद आहे. त्या व्यापाऱ्यांपैकी एकाचेही नाव लेखात स्वतंत्रपणे मिरविलेले नाही. नाव आहे ते सर्वांच्या मिळून झालेल्या श्रेणीचे. जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींना हा वारसा घराजवळच मिळालेला आहे. शिबिराहून परतताना त्यांनी आपल्या वहीत किती तास भरले हे अवश्य मोजावे. पण त्याबरोबरच त्या गावात आता आपल्यावाचून काय चालू राहील, आणि आपल्या तुकडीतील कोणता अबोल सोबती बोलू लागला, ह्या दोन प्रश्नांची उत्तरेही त्यांनी त्याच वहीत लिहावीत. ती उत्तरे ज्या वर्षी भरीव असतील, ते वर्ष त्या कॉलेजने खऱ्या अर्थाने सार्थकी लावले असे समजावयास प्रत्यवाय नाही.